₹१,९९९ चा फोन आणि नसलेलं एक ॲप : फायरफॉक्स ओएसचा प्रकरण अभ्यास

वेबच्या पायावर उभी केलेली नवी ऑपरेटिंग सिस्टिम प्रस्थापितांसमोर टिकेल का, हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघतो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या फोनच्या सिस्टिमने २०११ ते २०१६ या काळात या प्रश्नाची पुरेपूर किंमत मोजली, आणि त्या प्रवासातला जवळजवळ प्रत्येक निर्णय उघड्यावर झाला. त्यामुळे अभ्यासासाठी यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणं अवघड. निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावं इथे मुद्दाम गाळली आहेत. कंपन्या, तारखा आणि आकडे जाहीर नोंदींतले आहेत.

पार्श्वभूमी

२५ जुलै २०११ रोजी मोझिलाने ‘बूट टू गेको’ हा प्रकल्प जाहीर केला. गेको म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरचं इंजिन, वेबपेज वाचून पडद्यावर उभं करणारा भाग. फोन चालू केला की थेट हे इंजिन उभं राहावं, आणि होमस्क्रीन, डायलर, मेसेज, कॅमेरा असं डोळ्यांना दिसणारं सगळं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपेजच्या भाषांमध्ये लिहिलेलं असावं, अशी कल्पना होती.

मोझिलाला हे करावंसं का वाटलं, हे समजून घेतलं नाही तर पुढचे निर्णय विचित्र वाटतात. तिचं उत्पन्न मुख्यतः ब्राउझरमधल्या सर्च-करारांतून येत होतं, आणि लोक संगणकावरून फोनकडे सरकत होते. आयफोनवर ॲपलच्या नियमामुळे गेको चालवताच येत नव्हतं. फायरफॉक्स आयफोनवर पोहोचला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये, तोही ॲपलच्या वेबकिट इंजिनावर. अँड्रॉइडवर गूगलचा ब्राउझर फोनसोबतच येत होता. म्हणजे फोनच्या जगात मोझिला दुसऱ्याच्या घरात भाडेकरू होती, आणि घरमालकाला स्वतःचं दुकान तिथेच थाटायचं होतं.

मोबाइल कंपन्यांची तक्रार वेगळी होती. ग्राहक त्यांचा, नेटवर्क त्यांचं, पण ॲपची कमाई ॲपल आणि गूगलकडे. त्यांना तिसरा पर्याय हवा होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये स्पेनची टेलिफोनिका या प्रकल्पासोबत उभी राहिली. जुलै २०१२ मध्ये ‘फायरफॉक्स ओएस’ हे नाव ठरलं, झेडटीई आणि टीसीएल हे हँडसेट बनवणारे पुढे आले. फेब्रुवारी २०१३ पर्यंत पाठिंबा देणाऱ्या मोबाइल कंपन्यांची संख्या १८ झाली होती.

रचना तीन थरांची. सगळ्यात खाली गॉन्क : लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि अँड्रॉइडच्या खुल्या कोडमधून घेतलेला हार्डवेअरचा थर. त्यावर गेको. सगळ्यात वर गाया, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी ॲप्स. खालचा थर अँड्रॉइडचाच घेण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, अँड्रॉइडसाठी तयार होते, ते नव्याने लिहून घेण्याची ताकद मोझिलाकडे नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

वेबपेजला फोन लावता येत नव्हता. एसएमएस, संपर्कयादी, ब्लूटूथ, बॅटरीची पातळी यांपैकी जवळपास काहीच २०११ च्या वेबला ठाऊक नव्हतं. मोझिलाने एकामागून एक एपीआय, म्हणजे ॲपला फोनच्या या सोयी वापरू देणारे दुवे, लिहिले आणि ॲप्सची तीन पायऱ्यांत विभागणी केली. साध्या वेब ॲपला ब्राउझरमधल्या पानापेक्षा फारसे जास्त अधिकार नसत. ‘प्रिव्हिलेज्ड’ ॲप मार्केटप्लेस या मोझिलाच्या ॲप स्टोअरमध्ये तपासून, डिजिटल सही करून मिळत असे. ‘सर्टिफाइड’ ॲप फक्त हँडसेटसोबत येई, आणि डायलर किंवा एसएमएसला हात घालण्याची मुभा फक्त त्यालाच. सुरक्षेच्या दृष्टीने ही मांडणी चोख होती. यातली काही कामं पुढे वेबलाच मिळाली : ॲपचं नाव, आयकॉन, उघडायचं पान सांगणारी मॅनिफेस्ट फाइल आज इन्स्टॉल करता येणाऱ्या वेब ॲप्सना असते, त्या विचाराची जडणघडण इथे झाली.

खरी अडचण नेटवर्क गेल्यावर दिसायची. सर्व्हरवर ठेवलेलं ॲप ऑफलाइन चालवण्यासाठी त्या काळी ॲपकॅश हा एकच मार्ग होता आणि तो अतिशय ठिसूळ होता. फाइलींची यादी द्यायची. यादीतली एक फाइल जरी सर्व्हरवर सापडली नाही तरी अख्खं अपडेट बाद. एकदा साठा झाला की नेटवर्क असलं तरी आधी जुनंच पान उघडायचं, नवं दिसायचं ते पुढच्या खेपेला. डेव्हलपर या कटकटीला कंटाळून झिप करून बांधलेल्या ॲपकडे वळले. पण झिप बांधली की सही आली, तपासणी आली, प्रत्येक बदलाला पुन्हा तेच सोपस्कार आले. सर्व्हरवर बदल केला की सगळ्यांना लगेच मिळतो, ही वेबची सगळ्यात मोठी सोय तिथेच संपली.

यावरचा खरा इलाज म्हणजे सर्व्हिस वर्कर : पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसून काय साठवायचं आणि कधी नवं आणायचं हे ठरवणारा ॲपचाच छोटा प्रोग्रॅम. तो फायरफॉक्सच्या ४४ व्या आवृत्तीत, जानेवारी २०१६ मध्ये आला. त्याच्या दीड महिना आधी फोन बंद करण्याची घोषणा होऊन गेली होती. ज्या वेबवर सगळी भिस्त होती, ते वेबच अजून तयार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

२०१२–१३ मध्ये चार वाटा विचारात घेण्यासारख्या होत्या.

महागड्या फोनच्या वाटेने जाऊन आयफोन आणि सॅमसंगशी थेट भिडायचं, हा पहिला. एचपीने पाम कंपनी विकत घेऊन मिळवलेल्या वेबओएस या सिस्टिमचं काय झालं ते ताजं होतं : १.२ अब्ज डॉलरची खरेदी, आणि टचपॅड टॅबलेट बाजारात आल्यावर ४९ दिवसांत गाशा गुंडाळला. ही वाट कुणालाच नको होती, आणि ते बरोबरही होतं.

दुसरी वाट गूगलने क्रोमबुकसाठी घेतली होती, म्हणजे लॅपटॉप. तिथे वेबची बाजू भक्कम होती. मोठा पडदा, कीबोर्ड, बहुतेक वेळ वायफाय, आणि कामाच्या बऱ्याचशा गोष्टी आधीच ब्राउझरमध्ये. शाळांना तर संगणक सांभाळण्याची कटकट कमी करणारं काहीतरी हवंच होतं. तरीही २०११ मध्ये बाजारात आलेल्या क्रोमबुकवर २०१६ मध्ये अँड्रॉइड ॲप्स आणावी लागली. मागे गूगलसारखं बळ असूनही नुसत्या वेबवर भागलं नाही, ही नोंद महत्त्वाची आहे.

तिसरी वाट : नवी सिस्टिम, पण अँड्रॉइड ॲप्स चालवून दाखवणारी. ब्लॅकबेरी १० ने ते केलं. त्याचा एक दुष्परिणाम असा की अँड्रॉइडचं ॲप चालतंयच म्हटल्यावर तुमच्या सिस्टिमसाठी वेगळं ॲप कुणी लिहीत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने स्वतःच अँड्रॉइडवरचा प्रिव्ह हा फोन काढला.

चौथी वाट घेतली गेली : पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारा ग्राहक, उगवत्या बाजारपेठा, शक्य तितकी कमी किंमत, विक्री मोबाइल कंपन्यांमार्फत. कागदावर हे तर्कशुद्ध होतं. ज्याने अँड्रॉइड कधी वापरलंच नाही त्याला अँड्रॉइडची आठवण कशी येईल, असा त्यामागचा विचार. हे गृहीतकच पुढे चुकीचं ठरलं, कारण हा ग्राहक सिस्टिम बघून फोन घेत नव्हता, शेजारच्याच्या फोनवर काय चालतं ते बघून घेत होता.

काय केलं गेलं

जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये झेडटीई ओपन विक्रीला आला. किंमत ६९ युरो, त्यात प्रीपेड ग्राहकाला ३० युरोंचा बॅलन्स. साडेतीन इंचांचा ३२०×४८० पडदा, १ गिगाहर्ट्झची एकाच कोअरची चिप, २५६ एमबी रॅम. त्याच महिन्यात पोलंडमध्ये अल्काटेल वन टच फायर आला. पुढच्या काही महिन्यांत लॅटिन अमेरिकेतही फोन पोहोचले.

त्या किमतीला फोन बरा होता. स्क्रोल अडखळायचं, ॲप उघडायला क्षणभर जास्त लागायचं, पण ६९ युरोंत लोक ते सोसतील अशी अपेक्षा होती. पण ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी गूगलने अँड्रॉइड ४.४ आणलं आणि ते ५१२ एमबी रॅमवर चालेल असं बघितलं. स्वस्त अँड्रॉइड अजून स्वस्त होणार, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. प्रस्थापित गप्प बसत नाही. नव्या खेळाडूने जी फट शोधलेली असते ती बुजवायला त्याला फार वेळ लागत नाही, कारण त्याच्याकडे ॲप्स, ड्रायव्हर आणि कारखाने आधीच रांगेत उभे असतात.

इथे या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला. किमतीत अँड्रॉइड खाली येतंय, तर आपण आणखी खाली जाऊ. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोझिलाने चीनच्या स्प्रेडट्रम कंपनीच्या एससी ६८२१ चिपवर २५ डॉलरचा स्मार्टफोन जाहीर केला. रॅम १२८ एमबी.

१२८ एमबीचा हिशेब

या एका आकड्यापाशी थांबायला हवं, कारण घोडं इथेच पेंड खात होतं.

१२८ पैकी सगळी रॅम सिस्टिमला मिळत नाही. मोडेम आणि ग्राफिक्स आपापला वाटा आधीच बाजूला काढतात. उरलेल्यात कर्नल, मुख्य गेको प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि त्यातच चालणारी होमस्क्रीनची चौकट. मग प्रत्येक ॲपची स्वतंत्र प्रोसेस. ही फारकत सुरक्षेसाठी आवश्यक होती, पण त्यामुळे प्रत्येक प्रोसेसमध्ये जावास्क्रिप्टचं इंजिन, फाँटची माहिती, स्टाइलशीट यांच्या वेगळ्या प्रती तयार होतात. रिकामं पानसुद्धा काही एमबी खातं. कीबोर्डही वेबवरच लिहिलेला, म्हणजे मेसेज टाइप करायला घेतला की त्याचाही भार आला.

फोटो बघा. २ मेगापिक्सेलचा, १६००×१२०० चा फोटो मेमरी कार्डावर काहीशे केबीचा असतो. पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे साधारण ७.७ एमबी. गॅलरीत डावी-उजवीकडे सरकवताना शेजारचे दोन फोटो तयार ठेवले तर २३ एमबी. वेबपेज लिहिणारा हा हिशेब कधी करत नाही, कारण संगणकावर तो करायची गरज पडत नाही. १२८ एमबीच्या फोनवर मात्र एवढ्यावर मागचं ॲप मरतं.

उपाय बरेच केले गेले, आणि ते अभियांत्रिकी म्हणून कौतुकास्पद होते. १.३ आवृत्तीची या फोनांसाठी १.३टी अशी वेगळी शाखा काढली. झेडरॅम वापरली, म्हणजे मेमरीतला सध्या न लागणारा भाग रॅममध्येच दाबून ठेवायचा. जागा वाचते, पण दाबणं आणि उलगडणं प्रोसेसरवर पडतं, आणि तो आधीच अशक्त. फोटो उलगडतानाच लहान करून घेण्याची सोय गेकोमध्ये घातली. बरीचशी सामायिक गोष्ट आधीच भरलेली एक साचा-प्रोसेस तयार ठेवून नवी ॲप्स तिच्यापासून फोडण्याचं तंत्र आणलं, म्हणजे त्याच मेमरीच्या प्रती पुन्हापुन्हा निघत नाहीत. ॲप लिहिणाऱ्यांसाठी बी-टू-जी-इन्फो हे हत्यार होतं. ते प्रत्येक प्रोसेसची स्वतःची आणि सामायिक मेमरी वेगळी दाखवतं. नेमकं काय सुटतंय हे शोधायचं तर ‘स्वतःची’ हा रकाना बघायचा. एकूण आकडा बघून ॲप हलकं करायला गेलेला माणूस भलतीकडेच खोदत बसतो.

एवढं करूनही वापरणाऱ्याला दिसायचं ते असं : गाणं लावून मेसेज उघडला की गाणं बंद. ब्राउझरमधून बाहेर जाऊन परत आलं की पान पहिल्यापासून. कर्नलमधला मेमरी राखणारा सर्वांत मागच्या प्रोसेसला मारतो, हे त्याचं कामच आहे. तो मारत होता म्हणून फोन जिवंत राहत होता. पण ग्राहकाच्या दृष्टीने फोन ‘हँग’ होता.

दुसरी गोष्ट अपडेटची. संगणकावरचा फायरफॉक्स दर सहा आठवड्यांनी नवा होत होता. फोनवर मात्र १.० आणि १.१ या आवृत्त्या गेको १८ वर होत्या, १.३ गेको २८ वर, २.० गेको ३२ वर. नवं गेको फोनवर पोहोचायचं तर हँडसेट कंपनीने बांधणी करायची, मोबाइल कंपनीने तपासून मंजूर करायची. बरेच फोन ज्या आवृत्तीसह विकले गेले तिथेच, किंवा त्याच्या एक पायरी पुढे, अडकून राहिले. वेबवर चालणाऱ्या फोनचं वेबचं इंजिनच शिळं होत गेलं. यात विरोधाभास असा की हेच काम गूगलने क्रोमबुकवर पहिल्या दिवसापासून आपल्या हातात ठेवलं होतं : अपडेट थेट गूगलकडून, लॅपटॉप बनवणाऱ्याची परवानगी न विचारता.

भारतात काय झालं

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स क्लाउड एफएक्स ₹१,९९९ ला आला. साडेतीन इंच पडदा, १२८ एमबी रॅम, २ मेगापिक्सेल कॅमेरा, दोन सिम, ३जी नाही. पाठोपाठ स्पाइस फायर वन, ₹२,२९९. दोन हजारांत टचस्क्रीनचा स्मार्टफोन ही त्या वेळी मोठी बातमी होती.

आणि त्यावर अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतं.

बाहेरच्या डेव्हलपरांनी लिहिलेली काही ॲप्स व्हॉट्सॲपच्या सर्व्हरशी बोलण्याचा प्रयत्न करत. ती कधीही बंद पडू शकत होती, आणि मूळ कंपनीला ती मान्य नव्हती. वेबवरून भागवावं म्हटलं तर व्हॉट्सॲप वेब अजून आलंच नव्हतं. ते आलं जानेवारी २०१५ मध्ये, आणि आल्यावरही त्याला मूळ ॲप असलेला दुसरा फोन चालू लागायचा. ‘संपूर्ण वेब हेच तुमचं ॲप स्टोअर’ हे वाक्य ऐकायला छान होतं, पण लोकांना जे सगळ्यात जास्त हवं होतं तेच वेबवर नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुलना अँड्रॉइडशी करायचीही गरज नव्हती. नोकियाच्या आशा मालिकेतल्या फोनवर व्हॉट्सॲप चालत होतं. म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या माणसासमोर एकीकडे ‘स्मार्ट’ नसलेला, पण घरच्यांच्या ग्रुपवर नेणारा फोन, आणि दुसरीकडे स्मार्ट म्हणवणारा, पण त्या ग्रुपबाहेर ठेवणारा. तिसरीकडे तीन-साडेतीन हजारांत अँड्रॉइड मिळायला लागलं होतं. हजार-दीड हजार साठवायला दोन महिने थांबणं त्या ग्राहकाला परवडत होतं. १५ सप्टेंबर २०१४ ला गूगलने भारतातच अँड्रॉइड वन सुरू केलं, ₹६,३९९ पासून, १ जीबी रॅमसह. सुरुवातीच्या तीन कंपन्यांत स्पाइसही होती. फायरफॉक्सचा फोन काढणारी कंपनी महिन्याभरात पलीकडच्या मंचावरही होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. हँडसेट विकणारा सगळ्या टोपल्यांत थोडी थोडी अंडी ठेवतो.

परिणाम

मे २०१५ मध्ये मोझिलाच्या नेतृत्वाने दिशा बदलली : फक्त किंमत बघून नाही, अनुभवासाठी लोक घेतील असे फोन करायचे. अँड्रॉइड ॲप्स चालवण्याचा विचारही त्यात होता. उशीर झाला होता. ८ डिसेंबर २०१५ रोजी मोबाइल कंपन्यांमार्फत फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर झालं. २.६ ही शेवटची आवृत्ती ठरली. टीव्ही आणि घरातल्या जोडलेल्या उपकरणांकडे वळण्याचा प्रयत्न झाला, तोही २०१७ च्या सुरुवातीला आवरला.

काय वेगळं करता आलं असतं

रॅमचा तळ. २५ डॉलरची घोषणा करण्याऐवजी २५६ किंवा ५१२ एमबीच्या खाली जायचंच नाही असं ठरवता आलं असतं. फोन थोडा महाग झाला असता, विक्री कमी झाली असती. पण ज्यांनी घेतला त्यांच्या हातात चालणारा फोन असता. १२८ एमबीसाठी खर्च झालेलं मनुष्यबळ ऑफलाइन आणि स्क्रोलच्या मूळ दुखण्यावर लावता आलं असतं. त्या काळातला सगळ्यात महाग निर्णय हाच होता असं आमचं मत आहे, कारण त्याने पैशांपेक्षा नाव जास्त खर्च केलं.

एका ॲपची अट. बाजारपेठ निवडताना त्या देशातली पहिली तीन ॲप्स कोणती, आणि ती अधिकृतपणे मिळणार का, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता. व्हॉट्सॲपकडे दोन-चार लाख फोनांची विनंती घेऊन जाणं आणि दोन-चार कोटींची खात्री घेऊन जाणं यांत फरक आहे. ती खात्री मोझिला देऊ शकत नव्हती. १८ मोबाइल कंपन्या सोबत होत्या, पण प्रत्येकीने थोडे फोन घेऊन बघितले. कुणा एकीने आपला सगळा धंदा त्यावर लावला नव्हता. अठरा ठिकाणी थोडं थोडं पेरण्यापेक्षा एका देशात, एका कंपनीसोबत खोल नांगरणी करणं हा पर्याय २०१३ मध्येही होता.

अपडेटची किल्ली. गॉन्क हँडसेट कंपनीकडे ठेवून गेको आणि गाया मोझिलाने थेट अपडेट करायचे, अशी अट करारातच घालता आली असती का? मोबाइल कंपन्या तेव्हा याला तयार झाल्या असत्या असं खात्रीने म्हणता येत नाही. पण ही अट मान्य नसेल तर तो भागीदार नको, असं म्हणण्याइतकी ती महत्त्वाची होती.

एका गोष्टीबाबत मात्र निर्णय बदलू नये असं वाटतं. डायलरसकट सगळं वेबवर लिहिण्याचा हट्ट अनेकांना वेडेपणा वाटला. पण त्या हट्टामुळेच वेबमध्ये काय कमी आहे ते उघडं पडलं. ॲप नीट चालत नाही तेव्हा ‘नेटिव्ह’ची, म्हणजे वेब सोडून थेट सिस्टिमसाठी लिहिण्याची, पळवाट असती, तर सर्व्हिस वर्करसारख्या गोष्टींची निकड कुणाला जाणवली नसती.

दुसरा डाव

मोझिलाने सोडलेला कोड खुला होता. त्याची एक शाखा घेऊन कायओएस तयार झाली. तिने टचस्क्रीन सोडून कीपॅडचा फोन धरला. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन जाहीर झाला तो याच कोडवर : ₹१,५०० ची अनामत, तीन वर्षांनी परत, महिन्याला ₹१५३ चा प्लॅन, मराठीसह भारतीय भाषा.

आता दोन्ही फोन शेजारी ठेवून बघा. क्लाउड एफएक्सवर ३२०×४८०, जिओफोनवर २४०×३२०, म्हणजे पिक्सेल बरोबर निम्मे. रॅम १२८ ऐवजी ५१२ एमबी, म्हणजे चौपट. ३जीही नसलेल्या फोनऐवजी ४जी. बोटाने सरकवायचा पडदा नसल्यामुळे स्क्रोल अडखळण्याचा प्रश्नच उरला नाही : बाण दाबला की पुढची ओळ. तीन-चार वर्षांपूर्वीची दुखणी इथे तंत्रापेक्षा निवडीने कमी झाली. कीपॅडच्या फोनमध्ये अँड्रॉइड समोर नव्हतं. तुलना होत होती ती बटणांच्या साध्या फोनशी, आणि त्याच्यासमोर हा फोन श्रीमंत वाटत होता.

तरीही तो विक्रीला आला तेव्हा त्यावर व्हॉट्सॲप नव्हतं. ते आलं १० सप्टेंबर २०१८ पासून, जेव्हा कोट्यवधी फोन लोकांच्या हातात जाऊन पडले होते. जून २०१८ मध्ये गूगलने कायओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले. २०१९ मध्ये कायओएसच्या फोनांची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं कंपनीने सांगितलं. जुलै २०१९ मध्ये जिओबाहेरच्या कायओएस फोनांनाही व्हॉट्सॲप मिळालं. आधी माणसं जमली, मग ॲप आलं. माणसं जमवली ती सिस्टिमने नाही, तर अनामत परत देणाऱ्या आणि डेटा स्वस्तात विकणाऱ्या मोबाइल कंपनीने.

जुनं दुखणं मात्र सोबत राहिलं. कायओएस २.५ गेको ४८ वर होती, म्हणजे २०१६ च्या इंजिनावर. मार्च २०२० मध्ये मोझिला आणि कायओएस पुन्हा एकत्र आले आणि ३.० आवृत्तीत गेको ८४ आलं, पण विकले गेलेले बहुसंख्य फोन २.५ वरच होते. नव्या वेबसाइट त्यांच्यावर अर्धवट उघडायच्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिओने पुढचा फोन, जिओफोन नेक्स्ट, ₹६,४९९ ला आणला. त्यावरची प्रगती ओएस अँड्रॉइडवर बांधलेली होती. आणि जून २०२४ मध्ये कायओएसच्या स्टोअरवरून व्हॉट्सॲप नव्याने डाउनलोड करता येणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांना काही महिन्यांची मुदत मिळाली.